जांभळींची ओटी

बदलापूरजवळच्या एका गावात जांभळीच्या बुंध्याशी ठेवलेली ती ओटी अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते.

सकाळी हजेरी चालू असताना एका गावकऱ्याचा फोन आला. बांधावरच्या जांभळींना कोणीतरी ड्रिलने भोकं पाडली होती. जांभूळ हे कायद्याने राखलेलं झाड. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाळलेल्या झाडाला मात्र परवानगी लवकर मिळते. म्हणून भोकात विष ओतून झाड आधी मारायचं, हा प्रकार बिल्डिंगा वाढल्यापासून आमच्या भागात सुरू झाला होता.

पंचनाम्याच्या वेळी जमीनमालकाने बोट दाखवलं ते जांभळं उतरवणाऱ्या कातकऱ्याकडे. तो बांधापलीकडे झोपडीत एकटा राहायचा. झोपडीमागच्या झुडपात विषाचा डबा मिळाला आणि साहेबांनी त्याला गाडीत बसवलं.

ठाण्यात तो एकच बोलत राहिला, "मॅडम, झाड मीच मारीन तर चढू कशावर?"

"कोर्टात सांग," हवालदार हसला.

मला हसू आलं नाही. गुन्हा लागला असता तर त्याला पुन्हा कोणी झाडाला हात लावू दिला नसता, आणि जांभळांवरच त्याचं पोट होतं.

बुंध्याशी पूजेचं साहित्य होतं, असं आम्ही लिहून घेतलं होतं. पण ते खण, तांदूळ, नारळ, हळकुंड होतं. ती ओटी होती, आणि ओटी बाई भरते.

साहेबांना विचारून मी मालकाच्या घरी गेले. तो ओट्यावरूनच म्हणाला, "झाडं माझ्या घरची, दुखतं तुमच्या पोटात." मी सरळ आत त्याच्या बायकोजवळ जाऊन बसले. माझा स्वभाव बुजरा. चौकशीत आवाज चढवणं मला कधी जमलं नाही. पण आपण गप्प बसलो की समोरच्याला बोलावंसं वाटतं, हे नोकरीत कळलं होतं.

चहा झाल्यावर म्हटलं, "ताई, ओटी नीट भरलीत तुम्ही."

तिने पदर तोंडाला लावला. "भोकं ह्यांनी पाडली. मधीच बिल्डरचा फोन आला, तर डबा माझ्या हातात दिला. तू ओत म्हनाले. सासूबाईंनी लावलेली झाडं ती. मारायचीच तर निदान ओटी भरून माफी मागू, म्हटलं. ओटी भरली आनि हात धजंना. जिची ओटी भरली तिला विष कसं पाजू?"

"मग डबा?"

"झुडपात फेकला. ह्यांना ओल दिसावी म्हनून भोकांत पानी ओतलं. ह्यांना वाटलं, त्या कातकऱ्याला अडकवायला मी डबा तिथं टाकला. शाबास म्हनाले. तेव्हापासून घास उतरत नाय मला."

ठाण्यात परत येऊन साहेबांना तिचं म्हणणं सांगितलं आणि मुद्देमालातला डबा काढला. डबा सापडल्याच्या आनंदात झाकण कोणी नीट पाहिलंच नव्हतं. सील जसंच्या तसं होतं, म्हणजे बाई खरं बोलत होती. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "सोडा त्याला. आधी जेवायला घाला."

कातकऱ्याने गावात गेल्यावर सगळ्यात आधी भोकं शेणमातीने बुजवली. मालकावर रीतसर कारवाई झाली. पुढे त्या बाईला भेटले तेव्हा घरचं विचारलं. ती म्हणाली, "हे टोचून बोलतात अजून. पन चहा माझ्याकडंच मागतात."

हंगामात कातकऱ्याने टोपलीभर जांभळं ठाण्यात आणून ठेवली. त्या दिवशी हजेरीला सगळ्यांच्या जिभा जांभळ्या होत्या.

गुन्हा कोणी केला हे शोधायची आम्हाला सवय असते. तो करताना कोणाचा हात थांबला का, हेही विचारावं, हे मी त्या स्वयंपाकघरात शिकले.