तात्या सावंतांच्या घरातला खडक

काच तडकली होती.

मी उतारावर ओणवी होऊन बोट लावून पाहिलं. वरपासून खालपर्यंत सरळ चीर. खडकातल्या फटीवर आम्ही काचेची एक बारीक पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून ठेवली होती. फटीच्या दोन्ही बाजू जागच्या जागी असतील तर काचेला काही होत नाही. एक बाजू केसभर जरी सरकली तरी ती तडकते. स्वस्तातला उपाय आहे, पण खोटं बोलत नाही. घाटकोपरच्या टेकडीवरचा तो खडक हलला होता आणि माझ्या पायाखाली, पत्र्यांच्या छपरांखाली, पाच-सहा घरांत दुपारची जेवणं चालली होती.

मी भूशास्त्रज्ञ आहे. अंधेरीतल्या एका कन्सल्टन्सीत नोकरी करते. टेकडीच्या कुशीतली घरं सुरक्षित आहेत का, हे तपासायचं काम आमच्याकडे आलं होतं. सर्वांत वरचं घर तात्या सावंतांचं. तात्या मालवणकडचे, गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते. नंतर वॉचमनकी केली, आता घरीच असत. छातीत कापसाची धूळ बसलेली, त्यामुळे दोन वाक्यांनंतर थांबून श्वास घ्यायचे.

त्यांच्या घराला मागची भिंत नव्हतीच. खडक हीच भिंत. त्याला त्यांनी हिरवा ऑइलपेंट दिला होता, खिळा ठोकता येत नाही म्हणून एक फळी दोन दगडी कंगोऱ्यांवर टेकवून तिच्यावर डबे मांडले होते. दुपारी त्या खडकाला पाठ लावून बसायचे. गार लागतो म्हणायचे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं की याचं वय किती. मी सांगितलं, सहा कोटी वर्षांहून जास्त. ते कसं कळतं, हेही त्यांना हवं होतं. मग मी सांगितलं, की हा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यातलं पोटॅशियम फार सावकाश बदलत जातं आणि त्याचा एक वायू आत अडकून राहतो. वायू किती साठला ते लॅबमध्ये मोजलं की वय निघतं. तात्यांना ते फारच आवडलं. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, तुम्ही गेल्यापासून दारात येईल त्याला हे खडकाचं वय सांगत बसतात.

आता त्याच खडकाचं दुसरं अंग सांगते. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर आला, निवला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग कुजून माती झाला. मग वरून दुसरा लाव्हा आला. त्याने ती माती भाजून लाल केली. विटेसारखी. पण ही वीट पाणी प्यायली की साबणासारखी होते. पुढे जमीनच वाकली आणि मुंबईचे हे सगळे थर पश्चिमेकडे कलले. सावंतांच्या घरावरचा उतारही पश्चिमेकडेच. म्हणजे तिरक्या पाटावर साबण आणि साबणावर भलामोठा काळा ठोकळा. लाव्हा निवताना आकसतो, तेव्हा त्यात उभ्या भेगा पडतात. त्यातलीच एक भेग ठोकळ्याच्या मागे उघडत होती.

मी तिथूनच ऑफिसात दळवी सरांना फोन केला. ते माझे बॉस, स्वभावाने सरळ माणूस.

"नक्की पडणार का?" त्यांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत, सर."

"मग रिपोर्टमध्ये काय लिहायचं?"

"घरं रिकामी करा. पावसाळ्याआधी."

ते म्हणाले, उताराला जाळी मारून, खडकात बोल्ट ठोकून भागणार नाही का? मी सांगितलं, बोल्ट ठोकायला ड्रिल लावायचं तर खाली माणसं नकोत. तेव्हा रिकामी तर करावीच लागतील. लिही मग, ते म्हणाले.

तात्यांना मीच सांगायला गेले. नोटीस कोणीतरी दाराला चिकटवून जाईल आणि तात्या ती वाचत बसतील, ते मला नको होतं. काकूंनी चहा ठेवला. मी जे होतं ते सांगितलं. तात्या खडकाला टेकूनच ऐकत होते. पाठ मात्र हळूच सोडवली त्यांनी.

"बाय, एकच सांग. ह्यो धोंडो कधी पडतलो?"

"माहीत नाही, तात्या. या पावसात पडेल, नाहीतर पन्नास वर्षं पडणारही नाही."

"कोटी वर्षांचो हिशोब तुका ठाऊक. आणि उद्याचो नाय?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि काकूंना सांगितलं की फळीवरचे डबे उतरव.

त्यांना देवनारच्या बाजूला एका इमारतीत सातव्या मजल्यावर खोली मिळाली. पक्की भिंत, नळ, संडास घरात. कागदावर सगळं चांगलंच होतं. पण डम्पिंग ग्राउंड जवळ. तिथला कचरा धुमसायचा आणि वाऱ्याची दिशा फिरली की धूर सरळ खोलीत. खिडकी लावली तर कोंडायचं, उघडली तर खोकला. लिफ्ट बंद असायची, त्यामुळे तात्या खाली उतरेनासे झाले. पावसाळा गेला. थंडीत धूर खाली बसतो, तेव्हा त्यांना दोनदा ॲडमिट केलं. दुसऱ्या वेळी ते परत आले नाहीत.

मला ते उशिरा कळलं. घाटकोपरच्याच कामात शेजारचे कोणीतरी बोलता बोलता म्हणाले. त्या रविवारी मी देवनारला गेले. काकू एकट्याच होत्या. मुलगी दिंडोशीला दिलेली, ती अधूनमधून यायची. भिंतीवर फोटो होता, त्याला ताजा हार. काकूंनीच विषय काढला.

"पडला का तो?"

"नाही काकू. उभा आहे."

"हे रोज विचारायचे. कोण तिकडून आला, की पहिलं तेच." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पडावा असं नव्हतं हो त्यांच्या मनात. पण पडला असता तर म्हणता आलं असतं, की वाचलो."

वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं की आपल्या खोलीत आता काय आहे. हे मी त्यांना सांगणार नव्हते. घरं रिकामी झाली, पण जाळी मारायचं काम कुठल्यातरी मंजुरीत अडकलं. मधल्या काळात लोक येऊन राहिले. सावंतांच्या खोलीत एक नवं जोडपं होतं, त्या हिरव्या खडकाला लागूनच त्यांनी बाळाची झोळी बांधली होती.

"कोणीतरी राहायला आलंय," मी म्हटलं.

काकूंनी फोटोकडे पाहिलं.

"मग इथे काय बसलीयेस, बाय? जा, त्यांना सांग."

मी सोमवारी गेले. नवी काच लावली, नवा रिपोर्ट केला. दळवी सरांनी या वेळी काहीच विचारलं नाही, सही केली आणि स्वतः मंजुरीच्या मागे लागले. ते जोडपं तासभर माझ्याशी भांडलं, आणि शेवटी बायकोच्या माहेरी विक्रोळीला गेलं. पावसाळ्याआधी खोल्या पाडल्या, जाळी बसली, बोल्ट ठोकले गेले. काकूंना फोन करून सांगितलं. बरं झालं, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

खडक आजही पडलेला नाही. आमच्या धंद्यात सल्ला मानला गेला तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही की तो सल्ला उगाच दिल्यासारखा दिसतो. त्याची सवय होते. ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मी एकच सांगते. घरं रिकामी करा असं लिहाल, तेव्हा ती माणसं कुठे जाणार आहेत ते विचारून घ्या. उत्तराने तुमचा रिपोर्ट बदलणार नाही. तरी विचारा.