चंदाबाईचा उजवा खांदा

पातूरकडच्या गावांत लग्न निघालं की लोक मांडववाल्याच्या आधी चंदाबाईचं दार वाजवत. कारण मांडे तिनेच करावेत. सैल कणकेचा गोळा ती मनगटावर घ्यायची, हवेत झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर अशी अलगद सोडायची, की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. एका पंगतीला दोन-दोनशे मांडे. तीस वर्षं हेच. नवरा रामराव चार एकर काळी जमीन कसत, पण लग्नाचं काम आलं की शेत सोडून तिच्यासोबत निघत. ऑटोत खापर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. खड्डा आला की म्हणत, "हळू रे बाप्पा, लेकरू आहे."

पाच वर्षांपूर्वी एका लग्नात कणीक आपटता आपटता तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी लचकलं. त्या दिवशी तिने आणखी नव्वद मांडे केले. दुसऱ्या दिवशी हात वर जाईना. चंदाबाईने कोणाला सांगितलं नाही. वेणी डाव्या हाताने घालायला शिकली, वाळत घालायची दोरी वीतभर खाली बांधून घेतली आणि मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट आणून गव्हाच्या कोठीमागे ठेवलं. सकाळी दोन, संध्याकाळी एक, आणि त्यांच्या जोरावर मांडे चालूच. तिचा हिशोब सोपा होता. खांदा गेला हे एकदा गावभर झालं, की पुढच्या लग्नाला लोक दुसरीकडे जातील. रामरावांच्या घरची सून म्हणून तिला ओळखणारे बरेच होते. चंदाबाई म्हणून ओळखणारे लोक त्या खापराने मिळवून दिले होते.

पुढे गावात आरोग्य शिबिर आलं आणि तिचं बीपी निघालं एकशे सत्तर. गोळी सुरू झाली. उतरलं नाही म्हणून दुसरी, मग तिसरी. घरात सगळ्यांनी मिळून दोष मिठाला दिला. ठेचा बंद, लोणचं बंद. रामरावांनी आपल्याही ताटातलं मीठ काढून टाकलं.

"तुमाले काय झालं?" तिने विचारलं.

"तू अळणी वरण खाशीन अन् मी ठेचा खाऊ? उतरन का घशाखाली?"

दोघं वर्षभर अळणी जेवले. बीपी मात्र जागचं हललं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी अंगणात तिला भोवळ आली. मुलगा अमोल अमरावतीला राजापेठेत राहायचा. त्याने दोघांनाही आपल्या घरी आणलं आणि सून दामिनी सासूला घेऊन डॉक्टर जुईलींकडे गेली. रामरावही मागोमाग निघाले.

डॉक्टर तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी डाव्या दंडाला पट्टा बांधला. एकशे चौसष्ट. "आता उजव्या हाताचंही पाहू. काकू, बाही वर करा बरं."

चंदाबाईने डाव्या हाताने उजवा हात उचलला. एखादी वस्तू उचलावी तसा. डॉक्टरांचं लक्ष तिथेच थांबलं.

"काकू, खांदा दुखतो?"

"दुखते तं. कोणाचं दुखत नाई?"

"कधीपासून?"

चंदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "झाले असतीन पाच वर्षं."

डॉक्टरांनी तो हात जरासा वर धरायला लावला. तिचे ओठ पांढरे पडले, तोंडून मात्र आवाज नाही. त्याच वेळी डाव्या दंडाचं बीपी पुन्हा मोजलं. एकशे ब्याऐंशी.

"बघा," डॉक्टर रामरावांना म्हणाल्या. "काका, शेतात डुकरं येतात तेव्हा तुम्ही जागल करता ना?"

"करतो तं."

"तेव्हा जरा पान हललं तरी छातीत धडधडतं. यांचं शरीर पाच वर्षं तशीच जागल करतंय. दुखणं आत बसलेलं असलं की शरीराला वाटतं, धोका आहे. मग हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. झोप नीट नाही, त्याने आणखी चढतं. गोळ्या काय घेता दुखण्याच्या?"

चंदाबाईने कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "या गोळ्या रोज घेतल्या तर त्यांनीच बीपी वाढतं, किडनीलाही धोका. बीपीच्या गोळ्या एका बाजूने ओढतात आणि या दुसऱ्या बाजूने."

रामराव हळूच म्हणाले, "म्हंजे डुक्कर शेतात, अन् आमी कुंपणालेच काटे लावून राहिलो."

त्या दिवशी ती पाकिटं बंद झाली. रक्ताची तपासणी झाली, सुदैवाने किडनी ठीक निघाली. घरी आल्यावर रामराव गॅलरीत जाऊन बसले. चहा थंड झाला तरी उचलला नाही. चंदाबाई शेजारी जाऊन उभी राहिली.

"पाच वर्षं," ते म्हणाले. "एका घरात. कावून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी खापर फोडलं असतं."

"फोडलंच असतं!"

"म्हणून नाई सांगतलं."

रामराव उठले. मग म्हणाले, "बस. पाय दुखतीन." आणि खुर्ची तिला देऊन स्वतः खाली बसले.

ती तीन महिने राजापेठेतच राहिली. रोज सकाळी खांद्याला शेक आणि मग व्यायाम. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवायची. पहिल्या दिवशी बोटं छातीपर्यंतच गेली. "हा काय व्यायाम आहे माय, भिंत पुसायचं काम आहे," असं म्हणत ती रागावली. दामिनीने जिथे बोट थांबलं तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख लिहिली. मग सासूला त्या रेघेची चीड येऊ लागली. कालच्या रेघेच्या वर गेल्याशिवाय ती चहा घेईना. मधे एकदा आठवडाभर रेघ वर सरकलीच नाही. तेव्हा ती रडली. पाच वर्षांत पहिल्यांदा, मोकळी, सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून. "लय दुखून राहिलं व बाई," ती म्हणाली. दामिनीने तिचे केस विंचरून वेणी घालून दिली.

फेब्रुवारीत रेघ डोक्याच्या वर गेली. ती कुशीवर वळून झोपू लागली. बीपी एकशे छत्तीसवर आलं. डॉक्टरांनी तिसरी गोळी थांबवली, दोन मात्र चालू ठेवल्या आणि सांगितलं की वयाचं बीपी वयाचंच राहणार, मीठही जपूनच खायचं. पंगतीचे मांडे मात्र आता नाहीत. परतीच्या वाटेवर तिने एवढंच विचारलं, "घरच्यापुरते चार?" दामिनी म्हणाली, "चार चालतीन. मोजून."

दोघं गावी परतल्यावर चैत्रात पातूरला ओळखीतल्या नत्थुजींच्या नातीचं लग्न निघालं. बोलावणं आलं तेव्हा चंदाबाईने स्वच्छ सांगितलं, "खांदा दुखते माया. मांडे मी नाई करत. पण करणाऱ्या बाया मले दाखवा." गावातल्या तीन सुनांना तिने आठ दिवस शिकवलं. लग्नाच्या दिवशी चुलीपाशी खुर्ची टाकून बसली आणि ओरडून ओरडून त्यांना हैराण केलं. लोक म्हणाले, मांडे चंदाबाईचेच आहेत.

ढगाळ हवेत खांदा अजूनही ठणकतो. आता मात्र ती लगेच बोलते, "अहो, दुखून राहिलं." रामराव कुरकुरत उठतात, पाणी गरम करतात, पिशवीत भरतात. "आधी बोलत नव्हती, आता चूप बसत नाई," असं शेजाऱ्यांना सांगतात. आणि पिशवी फार गरम तर नाही ना, हे आधी आपल्या गालाला लावून पाहतात.