सेन्सरवरची सही

तो पंचनामा आजही डोळे मिटले की ओळीन् ओळ समोर येतो. नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले, बरेचसे विसरलो. हा विसरता येत नाही, कारण तो अगदी बिनचूक होता.

मी तेव्हा गोव्यात पेडण्याला पोलीस निरीक्षक होतो. तालुक्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अमोनिया गळला आणि बेळगावकडचा एक कामगार आत गुदमरून मेला. भिंतीवर गॅसचा सेन्सर बसवलेला होता. गॅस पसरताच त्याने भोंगा वाजवायचा. तो वाजलाच नाही. सेन्सर तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने बनवलेला. कंपनीने लेखी कळवले की बर्फवाल्यांनीच त्याची वीज बंद ठेवली असणार. मला ते पटले. खरे सांगायचे तर मी ते पटवून घेतले, कारण त्या आठवड्यात माझ्या डोक्यावर मंत्र्यांचा बंदोबस्त होता.

तेवढ्यात टपालाने एक निनावी चिठ्ठी आली. त्यात दोनच ओळी होत्या. ‘तुयेच्या कंपनीत चाचणीच्या खोलीत जावा. अमोनियाच्या सिलिंडराचा सील बघा.’

जाण्याआधी मी कंपनीची माहिती काढली. नार्वे गावचा एक इंजिनिअर परदेशातून परतला आणि त्याने तुयेला एका शेडमध्ये तीन बायकांना हाताशी धरून हे काम सुरू केले. सिलिकॉनच्या तांदळाएवढ्या चिप बाहेरून यायच्या. इथे त्या डबीत बसवून, बारीक तारा जोडून त्यांचे सेन्सर बनायचे. त्याचा एक हट्ट होता. प्रत्येक सेन्सर काचेच्या पेटीत ठेवायचा, पेटीत खरा गॅस सोडायचा, आकडा चढताना स्वतः बघायचा आणि मगच रजिस्टरात सही करायची. एका खोक्याला अख्खा दिवस लागे. माल कमी निघायचा, पण कधी परत येत नसे. हळूहळू शेडची इमारत झाली, निम्म्या गावाला काम मिळाले. मग तो वारला, मुलांनी कंपनी विकली आणि नव्या मालकांनी उत्पादन तिप्पट केले. चाचणीची खोली मात्र होती तेवढीच राहिली. एवढे ऐकूनही माझी ट्यूब पेटली नाही.

दोन पंच घेऊन मी त्या खोलीत गेलो. सिलिंडरचे सील शाबूत होते, म्हणजे तो एकदाही उघडलेला नव्हता. माल पोचल्याचे चलन पाहिले, तर सिलिंडर आठ महिन्यांपूर्वी आलेला. त्यानंतर दुसरा मागवलेलाच नव्हता. रजिस्टरात मात्र त्या आठ महिन्यांची पानेच्या पाने ‘चाचणी झाली’ म्हणून भरलेली, बर्फाच्या कारखान्यातल्या सेन्सरचा नंबरही त्यातच, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच सही. सही करणारी बाई शेडमधल्या पहिल्या तिघींपैकी; त्यांतली ती एकटीच आता कामावर उरली होती. पन्नाशी ओलांडलेली, तुयेचीच. मी तिला तिथल्या तिथे अटक केली आणि ठाण्यावर येऊन पत्रकारांना चहा पाजत सगळा तपास ऐकवला. छाती चांगली फुगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदाराला बसवून चौकशी सुरू केली.

“बाई, सही तुमचीच?”

“माझीच.”

“गॅस न सोडता केलीत?”

“गॅस सोडलो तर एका खोक्याक दीस जाता, साहेब. नवो मॅनेजर म्हणालो, दीस खंयसून आणू? चिप चांगलीच आसा, तू सही कर. नायतर तुझ्या जागेर दुसरी बसयतंय. माका वाटला, दुसरेक तर कायच कळाचा नाय. मी तरी हंय आसंय.”

नाव-पत्ता लिहायला मी कागद पुढे केला. तिने लिहिलेले अक्षर पाहिले आणि मी उठून फाईलमधली चिठ्ठी काढली. तेच अक्षर.

“ही तुम्ही लिहिलीत?”

“माणूस मेलो, साहेब. आनी कोण लिवतला?”

चिठ्ठी लिहिणाऱ्याला आधी शोधायचे, त्याचा जबाब साक्षीदार म्हणून दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायचा आणि मगच धाड घालायची, हे नवशिक्या फौजदारालाही कळते. मी आधी अटक करून बसलो. आरोपीने पोलिसांपुढे सांगितलेले कोर्टात चालत नाही. मॅनेजरचे नाव घेणारे एकच तोंड होते, ते मीच बंद केले.

सरकारी वकिलांच्या दारात मी खेटे घातले. तिला माफीचा साक्षीदार करा म्हटले, तर ते या कलमांत बसत नाही म्हणाले. चाचणीच्या खोलीतल्या इतरांना एकेक करून विचारले. “आमकां कायच म्हायत ना,” यापलीकडे कोणी गेले नाही. कारखाना बंद पडला तर जायचे कुठे, ही धास्ती मला दिसत होती, मी त्यांना दोष देत नाही. कंपनीच्या लेखी नियमांत तर स्पष्ट होते की प्रत्येक सेन्सर गॅसमध्ये तपासावा.

तरी बाईबरोबर मॅनेजरलाही मी आरोपी केले. शेवटी खटल्यात साक्ष देताना मी ती चिठ्ठी कोर्टापुढे ठेवली. वाटले, ती बघून तरी दया येईल. मॅनेजरचा वकील सावकाश उठला.

“म्हणजे साहेब, सेन्सर तपासलेले नाहीत हे या बाईंना पक्के ठाऊक होते, असेच ना?”

निकालपत्रात त्या चिठ्ठीवर मोठा परिच्छेद आला. मॅनेजर पुराव्याअभावी सुटला, बाईला शिक्षा झाली. कंपनीने तुयेचा गाशा गुंडाळला आणि आता दुसऱ्या राज्यात दुसऱ्या नावाने ती तेच सेन्सर विकते, असे ऐकतो.

या प्रकरणाने मला काय शिकवले? सही करणारा सापडला की पोलीस निर्धास्त होतो, आणि सही करून घेणाऱ्याला नेमके तेच हवे असते. मला हे कळले तेव्हा त्याचा कोणाला काडीचाही उपयोग उरला नव्हता. त्या बाईला तर नाहीच.

निकालाच्या दिवशी मेलेल्या कामगाराची बायको गावाहून आली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात तिने मला गाठले आणि बोट दाखवून विचारले, “साहेब, हिच्यामुळंच गेले व्हय आमचे?”

बाई चार हातांवर हवालदाराशेजारी उभी होती. तिने ऐकले आणि माझ्याकडे पाहिले. निकालाची प्रत माझ्या हातात होती. मी ‘हो’ म्हणालो.