नव्वद सेकंदांचा मिस्त्री

शर्टांच्या त्या कारखान्यात शिलाईची मशिनं एकशेवीस आणि त्यांची नाडी ओळखणारा माणूस एक. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, घरी बायकोसुद्धा. एकवीस वर्षं मशीनखाली डोकं घातल्यानं पाठीला बाक आला होता, आणि थोडा स्वभावालाही. शिकवण्याची त्याची एकच रीत होती. बॉबिनची, म्हणजे मशीनखालच्या धाग्याच्या रिळाची डबी तिच्याच धाग्याला लटकवायची आणि हलका झटका द्यायचा. डबी दोन बोटं खाली सरकून थांबली की धाग्याचा ताण बरोबर. पण हे जाड कापडाचं, असं तो लगेच बजावी. पातळ कापड आलं तर ताण सैल करा, डबी जास्त खाली सरकू द्या, नाहीतर शिलाईला चुण्या पडतील. हे ऐकून ऐकून शिवणाऱ्या बायकांचे कान किटले होते, पण चुण्या पडत नव्हत्या.

मग कारखान्यानं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये शिकवणीचं ॲप घातलं. छोटे व्हिडिओ, त्यावर परीक्षा, आणि प्रत्येकाचे गुण भिंतीवरच्या पडद्यावर. ट्रेनिंगच्या मॅडमनी मिस्त्रीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की तुमच्यासारखं कोण शिकवणार! गडी शूटिंगला नवा शर्ट घालून आला. व्हिडिओत मात्र नुसते हात आले. चार मिनिटं बोलला होता, पण ॲपला नव्वद सेकंदांच्या वर चालत नव्हतं, म्हणून पातळ कापडाचा भाग कापला गेला. त्यानं तक्रार केली. त्याचा वेगळा व्हिडिओ करू, असं मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. तो कधीच झाला नाही.

पुढे फर्मान निघालं, की परीक्षा मिस्त्रीसकट सगळ्यांनी द्यायची. दहा प्रश्न, दहाही बरोबर हवेत, संधी तीन. नापास होईल त्याचं कंत्राट पुढे वाढणार नाही. मिस्त्री निवांत होता. सातव्या प्रश्नावर तो अडला. बॉबिनची डबी किती खाली यावी? एक बोट, दोन बोटं, तीन बोटं, यांपैकी नाही. कापड कुठलं, ते विचारलंच नव्हतं. त्यानं 'यांपैकी नाही' दाबलं आणि नापास झाला. दुसऱ्यांदाही तेच.

मॅडमनी बोलावून घेतलं. "मिस्त्री, व्हिडिओत तुम्हीच दोन बोटं म्हणालाय."

"अर्धंच म्हणालोय," मिस्त्री म्हणाला. "उरलेलं तुमच्याकडे आहे."

मॅडमनी मान हलवली आणि तिसऱ्या संधीची तारीख दिली. आपलेच दात, आपलेच ओठ, भांडायचं कुणाशी?

घरी तो दोन दिवस धुमसत राहिला. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी बायकोनंच विषय मिटवला. "खोटं कुठं बोलायचंय? बोटच तर टेकवायचंय."

त्यानं बोट टेकवलं. दोन बोटं. पडद्यावर हिरवी खूण उमटली, वरून चांदण्या पडल्या, दहापैकी दहा. त्या दुपारी त्याला डबा गेला नाही. एवढी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

महिनाअखेरीस पत्र आलं. पहिल्या ओळीत पूर्ण गुणांबद्दल अभिनंदन होतं. खाली लिहिलं होतं, की आता सर्व कारागीर मशीन जुळवण्यात उत्तीर्ण असल्यानं मिस्त्रीच्या जागेची गरज उरलेली नाही. त्यानं पत्र दोनदा वाचलं. नापास होणाऱ्याची नोकरी जाते, एवढंच त्याला सांगितलेलं होतं.

शेवटच्या दिवशी नेमकं पातळ कापड आलं. ओळखपत्र जमा करून तो निघाला, तर कॉलर शिवणारी वहिनी डोकं धरून बसलेली. एकेका कॉलरवर चुण्याच चुण्या. सवयीनं त्याचा हात पुढे गेला. देखरेखीच्या साहेबानं लांबूनच बजावलं, की ओळखपत्र जमा केलेल्या माणसानं मशीनला हात लावायचा नाही. मिस्त्रीनं हात मागे घेतला.

"वहिनी, ताण सैल करा. चार बोटं."

वहिनीनं भिंतीकडे पाहिलं. मिस्त्रीचे गुण तिथं अजून झळकत होते.

"पण मिस्त्री, परीक्षेत तुम्हीही दोनच दाबलंत ना?"

तिला दोष तरी काय द्यायचा? तिचंही कंत्राट होतं. तिनं मोबाइल मशीनला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. मिस्त्रीच्या हातांनी डबी लटकवली, झटका दिला. मिस्त्री पूर्ण व्हिडिओ संपेपर्यंत तिच्या पाठीमागे उभा राहिला. वहिनीनं डबी उचलली, दोन बोटं मोजली आणि पुढची कॉलर सुईखाली सरकवली.