पहिला आकडा

आमच्या आमगावात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्यांना ‘उद्यावाले डॉक्टर’ म्हणत. रक्ताचा रिपोर्ट हातात आला की ते तो उभ्याउभ्याच वाचत, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवत आणि नातेवाइकांना सांगत, “आजार गंभीर आहे. औषध चालू आहे. वाचणार की नाही, ते उद्याचं रक्त आल्यावर बोलू.” मग समोर पुढाऱ्याचा माणूस असो की कोणाची म्हातारी आई, त्या दिवशी रिपोर्टातला आकडा त्यांच्या तोंडून निघत नसे.

नातवंडांनो, गेल्या महिन्यात ते वारले. तुमच्या बाबांनी तुमच्यासमोर त्यांचं नाव कधी घेतलं नाही, आणि त्याला कारण आहे. ते कारण तुम्हाला कळावं आणि माणूसही कळावा, म्हणून हे लिहिते आहे. मला सगळं क्रमानं सांगायची सवय आहे, तेव्हा क्रमानंच वाचा.

डॉक्टर मूळचे बोदलकसा तलावाकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. दवाखाना गोंदियाला आणि घर आमच्या भिंतीला भिंत लागून. रोज रेल्वेनं जायचे, रेल्वेनं यायचे. जखमेतून, लघवीच्या मार्गातून, छातीतून जंतू शिरतात आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःचीच नासाडी करू लागतं. त्याला सेप्सिस म्हणतात. असे रोगी त्यांच्याकडे दूरदूरच्या गावांतून येत. लोकांना वाटे, हा माणूस सगळंच उद्यावर टाकतो. पण औषधाला त्यांच्याकडे उद्या नव्हता. रोगी खाटेवर टेकला न टेकला तोच ते नर्सवर ओरडत, “रक्त घेतलं ना? मग सुई लावा! रिपोर्टची वाट काऊन पाहून राहिले?” उद्यावर टाकायचे ते फक्त भविष्य.

गोंदियाचे लोक आकड्यासाठी त्यांच्या मागे लागत. एकदा एका व्यापाऱ्यानं त्यांना माझ्यासमोर दवाखान्याच्या जिन्यात अडवलं. “डॉक्टरसाब, इतना तो बता दो, कितना आया?” डॉक्टर म्हणाले, “बोर्ड का रिजल्ट है क्या, भैया? पेढे बाँटने हैं?” तो बिचारा ओशाळून बाजूला झाला. मला ते बोलणं आवडलं नव्हतं. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. प्रश्न विचारला की उत्तर मिळायलाच हवं, असं मला शिकवलेलं.

म्हणून एका रविवारी मी इंटरनेटवर एक लेख वाचून काढला आणि त्यांना चहाला बोलावलं. रक्तात प्रोकॅल्सिटोनिन वाढलं की जंतूंचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त, लॅक्टेट वाढलं की शरीराला रक्त आणि प्राणवायू पुरत नसावा, असं सगळं मी त्यांना धडाधडा म्हणून दाखवलं. ते चिवडा खात ऐकत होते. “वहिनी, तुमच्या घरात डबेसुद्धा उंचीनं लावलेले. रक्त असं रांगेत उभं राहत नाही.” मी विचारलं, मग हे आकडे मोजायचे कशाला? ते म्हणाले, “धानाच्या बांधीत पाणी दिसलं म्हणून समजते का, भरून राहिली की फुटून राहिली? परत जाऊन पाहावं लागते. पाणी चढलं की उतरलं, ते खरं.” मला ते पटलं. पण एवढ्यासाठी एवढा हट्ट कशाला, ते तेव्हा कळलं नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकत असे. आम्ही दोन्ही घरची माणसं डोंगरगडला देवीच्या दर्शनाला जात असू. डॉक्टर रेल्वेच्या डब्यात सगळ्यांच्या टोप्या उडवायचे, तुमच्या आजोबांना तर बोलूच द्यायचे नाहीत. पण बोगद्याआधीचं दरेकसा स्टेशन आलं की गप्प. खिडकीबाहेर डोंगर, साल-सागाचं हिरवं रान, पोरंटोरं बाहेर बोटं दाखवायची आणि हे खाली आपल्या चपलांकडे बघत बसायचे. बोगदा संपून गाडी बरीच पुढे गेली की घसा खाकरून पुन्हा बोलू लागायचे. त्यांच्या बायकोनं मला एकदा डोळ्यानंच खुणावलं होतं, विचारू नका.

मग धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुमच्या आजोबांच्या पायात चिखलातली काच गेली. त्यांनी हळद दाबली आणि विसरले. दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप आला, श्वास जोरात चालू लागला, बोलण्यात मधूनच काहीतरी भलतंच येऊ लागलं. डॉक्टरांनी ओट्यावरूनच पाहिलं आणि चप्पल न घालता मोटार काढली. गोंदियाला पोचेपर्यंत फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. पहिली सुई लागली, सलाईन सुरू झालं, आणि आजोबा पुन्हा नीट बोलू लागले. दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वाचला. खिशात ठेवला.

तेव्हा परदेशात असलेल्या तुमच्या बाबांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यानं एकच विचारलं, “आई, डॉक्टरांना विचार, मी निघू का?” मी व्हरांड्यात डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, मला आकडा नको, एवढंच सांगा, मुलानं निघावं का. ते म्हणाले, “उद्याचं रक्त येऊ द्या, वहिनी.” मी चिडले. मी अडाणी नाही, मला सांगितलंत तर मी कोसळणार नाही, असं बरंच काही बोलले. ते बाकावर बसले, मला बसायला सांगितलं आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वीची. रक्ताची ही तपासणी गोंदियात नवी होती आणि त्यांना तिचं कौतुक होतं. दरेकसाकडची एक तरुण बाई आली. हातात बांबूची काडी घुसून सेप्सिस झालेला. पहिला आकडा प्रचंड आला. नवरा आणि सासू समोर उभे होते. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, “एवढा आकडा असला की फार थोडे वाचतात.” सासूनं जरा विचार केला आणि म्हणाली, मग घरी नेतो, आपल्या मातीत जाऊ दे. डॉक्टरांनी अडवलं, पण ते थांबले नाहीत. निघण्याआधी नर्सनं नेमानं पुन्हा रक्त घेतलं होतं. त्याचा रिपोर्ट त्यांच्यामागून आला. आकडा खूप उतरला होता. औषध लागू पडलं होतं.

डॉक्टर जीप घेऊन त्यांच्या गावी गेले. अंगण शेणानं सारवलेलं होतं आणि मरणाऱ्या माणसाला घेतात तसं तिला भुईवर घेतलं होतं. भोवती बाया रडत होत्या. ते म्हणाले, उचला, चला, ती वाचू शकते. सासू म्हणाली, “काल तुमीच सांगतले ना, नाही वाचत म्हनून? मंग आता कायले आले?” ते हात जोडून म्हणाले, काल चुकलो. ती म्हणाली, “इतका मोठा डॉक्टर. तुमचा शब्द खोटा काऊन मानाव आमी?” भुईवर घेतलेलं माणूस परत उचलायचं नाही, असं जमलेले म्हातारे म्हणाले. जीप दारातच उभी राहिली आणि ती बाई गेली.

“वहिनी,” डॉक्टर म्हणाले, “ती शुद्धीवर होती. सगळे तिच्यासाठी रडून राहिले होते आणि ती ऐकून राहिली होती. एकदा माझ्याकडे पाहिलं तिनं. आता कोणताही पहिला रिपोर्ट उघडला की कागदाच्या जागी ते अंगण दिसते.” मग म्हणाले, “परदेशातला मुलगा निघाला म्हटलं की आमगावात लोक काय समजतात, ते मी सांगायला पाहिजे का?”

सांगायला नको होतं. तुमचे धाकटे आजोबा सकाळपासून माझ्या कानाशी लागले होते, “वहिनी, मोठ्या भाऊले मशिनीत नाही मरू देणार आपण. घरी नेऊ.” पोरगा विमानात बसला असं कळताच, आता आशा नाही असं समजून त्यांनी गाडी दारात आणली असती. मी तुमच्या बाबाला फोन केला. डॉक्टर उद्या सांगतो म्हणतात. तो थांबला.

दुसऱ्या दिवशी आकडा चढला होता, लघवी बंद झाली होती, रक्तदाब औषधावर टिकवावा लागत होता. डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, “आताच निघा.” तुमचे बाबा निघाले. पोचले तेव्हा आजोबा गेले होते आणि अंगणात मांडव घातलेला होता.

तेराव्याला डॉक्टर आले. तुमच्या बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर भेट झाली असती ना?” मला वाटलं, ते अंगणाची गोष्ट सांगतील. नाही सांगितली. ते म्हणाले, “हो. झाली असती.” आणि जेवण न करता घरी गेले. नंतर मी बाबाला ती गोष्ट सांगू लागले, तर तो म्हणाला, “आई, ती बाई त्यांच्या हातून गेली. माझ्या बापाला का त्यात ओढलं?”  

पहिला आकडा डॉक्टरांनी पुढेही कोणाला सांगितला नाही. पण त्यानंतर रोगी आला की सुई लावून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असे, “दूरचं कोणी आहे का?” असलं तर स्वतः फोन लावत. “या. नुसतं भेटून जा. गावात सांगा, सुट्टी होती म्हणून आलो.” असे किती मुलगे, किती मुली सुट्टी सांगून आल्या असतील. काही वेळा रोगी बरा होई आणि आलेली मुलगी चिडे, उगाच तिकिटाचे पैसे घालवले म्हणून. डॉक्टर तिच्या शिव्या आनंदानं खात. आमच्या घरी मात्र ते पुन्हा चहाला आले नाहीत. भिंतीपलीकडून त्यांचं खाकरणं ऐकू येई.

गेल्या महिन्यात ते गेल्याचं मी तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं.  तर तो म्हणाला, “आई, त्या दिवशी, पहिल्या दिवशी, बाबा काय काय बोलले?” इतक्या वर्षांत त्यानं आजोबांबद्दल हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले तर बोलणं तोडून टाकायचा.

मी सगळं सांगितलं. धाकट्या भावाशी आजोबा कसे भांडले, शेताच्या धुऱ्यावर तूर लावायची की नाही यावरून. धाकटा तावातावानं उलट बोलत होता, जसा एरवी बोलतो तसाच, आणि नर्सनं दोघांना दटावलं. ती नर्स आपल्याच गावाकडची निघाली, तर तिच्या बापाची बैलजोडी कशी मारकी होती ते आजोबांनी तिला ऐकवलं. माझ्या पेजेला त्यांनी नावं ठेवली. संध्याकाळी मी म्हटलं, पोराचा फोन आला होता, यायचं म्हणतो. तर म्हणाले, “आता चिखलात कायले येते? दिवाळीले येऊ दे. नवा तांदूळ राहते तवा.”

पलीकडे तुमचे बाबा रडत होते. मग त्यानं विचारलं, “म्हणजे आपण जाणार, हे त्यांना माहीतच नव्हतं?”

“नाही,” मी म्हटलं. “डॉक्टर सोडून कोणालाच माहीत नव्हतं.”