ताईच्या घरावरची जांभळी झाडं

माझे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, छोटी गावं बनवतात. खेळणी नव्हेत. एखादी इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल ते दाखवणारं मॉडेल असतं ना, ते. एका बड्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मागच्या बाजूला त्यांचं टेबल आहे. पुठ्ठ्याचे तुकडे, डिंकाचा वास आणि भिंगाखाली वाकलेला हा माणूस. शेजारी कुणी मेलं तरी यांना चहाच्या वेळीच कळेल.

त्यांच्या कामाची एक रीत आहे. जे राहणार ते पांढऱ्या पुठ्ठ्याचं, जे नवीन येणार ते लाकडाचं आणि जे पाडायचं ते करायचंच नाही. पण मोकळी जागा बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपते, म्हणून तिथे झाडं लावायची. झाडांच्या बाबतीत दाजींचा हात धरणारा कोणी नाही. तांब्याच्या तारेचं खोड, वर स्पंजचा चुरा. नवा स्पंज म्हणे प्लास्टिकसारखा दिसतो, भांडी घासून झिजलेला हवा. त्यामुळे ताईच्या सिंकमधले स्पंज अधूनमधून पाय फुटल्यासारखे नाहीसे व्हायचे. ताई कुरकुरायची, पण घरी कपडे शिवायला टाकायला आलेल्या प्रत्येक बाईला कपाटावरचं जुनं मॉडेल दाखवून म्हणायची, “यांनी केलंय हं.”

ताईचं घर नदीकाठच्या गल्लीत. खाली एक खोली, वर एक. खालच्या खोलीत शिलाई मशीन आणि दिवसासुद्धा दिवा. नदीच्या बाजूला खिडकी काढायची असं ती लग्न झाल्यापासून म्हणत होती. गेल्या वर्षी तिने शेवटी मनावर घेतलं. गवंडी आला, भिंत फोडली, पसरलेल्या हातांत मावणार नाही एवढी खिडकी बसली. चौकटीचा रंग दाजींनी निवडला. रंग देताना शिडी त्यांनीच धरली. हे सगळं मी स्वतः पाहिलंय, ऐकीव नाही.

त्याच सुमारास ताईचा जांभळा स्पंज हरवला. सुया टोचून टोचून तिची बोटं हुळहुळी झालेली, म्हणून तिने तो जाड, मऊ स्पंज शोधून आणला होता. दाजी म्हणाले, वास येत होता, टाकून दिला. मॉडेलसाठी नेला असता तर सांगितलं असतं, असं वर म्हणाले.

नदीकाठी मोठा अरीना, म्हणजे खेळांचं बंदिस्त मैदान, आणि कॉन्फरन्स सेंटर होणार, ही बातमी तोवर गल्लीत आली होती. सगळ्यांना वाटलं, पलीकडच्या बंद कारखान्याच्या जागेवर होईल. ताई तर खूश होती. बाहेरचे लोक येतील, चार गिऱ्हाइकं वाढतील, असं ती जेवताना म्हणाली. दाजींनी मान हलवली आणि आणखी भात घेतला. तेव्हा त्याच अरीनाचं मॉडेल त्यांच्या टेबलावर निम्म्याच्या वर झालं होतं.

मग प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. गार हवेचा हॉल, बिस्किटं, कागदी कपात चहा आणि दारात पाटी : आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. टाय लावलेला एक गृहस्थ जिभेवर साखर ठेवून सांगत होता की सगळं ठरलंय, आता फक्त तुमचं स्वागत करायचंय. मला त्या बिस्किटांचीसुद्धा किळस आली.

मधोमध काचेखाली मॉडेल. गल्लीतली माणसं भोवती गोळा झाली आणि जो तो आपलं घर शोधू लागला. पूल सापडला, पाण्याची टाकी सापडली. ताईने टाकीपासून काचेवर बोट सरकवत आणलं. गल्ली असायला हवी तिथे अरीनासमोरची बाग होती. सगळी झाडं हिरवी. फक्त एका जागी चार-पाच झाडांना जांभळा बहर होता.

ताई काचेवर वाकली. दाजी भिंतीशी उभे होते, तिनेच शिवलेल्या शर्टात.

“अहो,” ती म्हणाली, “हा माझा स्पंज ना?”

“तुला फुलं आवडतात,” दाजी म्हणाले. “बाकी सगळीकडे हिरवीच लावली. आपल्या घरावर तेवढी फुलांची.”

आणि हे बोलताना त्या माणसाचा चेहरा उजळला होता. साहेबांनी बाहेर बोलू नका म्हणून बजावलं होतं, आपण केलं नसतं तर दुसऱ्याने केलं असतं, असं ते पुढे पुटपुटत राहिले. घर जाणार हे महिनोन्‌महिने पोटात ठेवून हा गृहस्थ शिडी धरून उभा राहिला होता. आधी कळलं असतं तर गल्ली निदान भांडली तरी असती.

“मग खिडकी कशाला काढू दिलीत?” ताईने विचारलं.

“तुला हवी होती ना.”

ताई वळली. मागे शेजारणी अजून वाकून वाकून आपापली घरं शोधत होत्या. तिने त्यांना जवळ बोलावलं, जांभळ्या झाडांवर काचेवरून बोट टेकवलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “हे आमचं घर. यांनी केलंय हं.”

एकेक करून सगळ्या दाजींकडे वळून बघू लागल्या. दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि काचेवर उमटलेला तिच्या बोटाचा ठसा पुसला.