इसहाकाच्या विहिरी आणि आमचा आड

तुमच्या बापानं पाडलेल्या विहिरीवर दुसऱ्यानं कुलूप लावलं, तर तुम्ही गप्प बसाल?

मी बसणारी नव्हे. मी मुळाक्षरं शिकले ती पत्रकांवरून. रविवारची उपासना संपली की बाबा नवी पेठेच्या कोपऱ्यावर उभे राहून दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध पत्रकं वाटायचे आणि मी त्यांच्या शेजारी उभी असायचे. अन्याय दिसला की नावानिशी छापायचा, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून या उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीनं बायबलातल्या इब्री मूळपुरुषांच्या चरित्रांचा अभ्यास सुरू केला आणि इसहाकाचा पाठ माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी खट्टू झाले. अब्राहाम देवाच्या एका शब्दावर घर सोडतो, याकोब देवाशी झुंजतो. त्यांच्यापुढे हा इसहाक, अब्राहामाचा मुलगा आणि याकोबाचा बाप, अगदीच मिळमिळीत. बापाच्या विहिरी लोकांनी मातीनं बुजवल्या, त्या हा उकरतो. नवी खणतो, तर तिथले गुराखी ‘पाणी आमचं’ म्हणून भांडतात. हा उठतो, पुढे जातो, पुन्हा खणतो. पुन्हा भांडण, पुन्हा पुढे.

“हा माणूस भित्रा आहे,” मी सभेत सरळ म्हणाले.

पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नी, हसल्या. “भित्रा माणूस परत खणंल व्हय गं? लांबून काय बघतीस, जरा त्याच्या मागं चालत जा की.”

त्यांना हसणं सोपं होतं. माझ्या दारात तोच प्रसंग उभा होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. बाबांनी जाण्यापूर्वी बोअर मारून घेतली होती, तिच्यावर आमच्यासकट शेजाऱ्यांचंही भागायचं. बाबा गेल्यावर शेजारच्या शिवप्पाअण्णांनी मोजणी करून घेतली. बोअर त्यांच्या हद्दीत निघाली आणि मोटारीच्या पेटीला कुलूप लागलं. मी कामावर असताना टँकर यायचा. दम्यानं बेजार झालेली आई घागर घेऊन उंबऱ्याउंबऱ्यावर टेकत घरी पोचायची. ते पाहून मी पत्रक लिहिलं. अण्णांचं कापडाचं दुकान नवी पेठेत, म्हणून पत्रकंही तिथेच वाटायची ठरवली. आईनं ते वाचलं आणि म्हणाली, “वाट की. छान लिहिलंयस. पण पाणी येतं का बघ त्यातनं.”

वाटायच्या आदल्या दिवशी पाठाची तयारी म्हणून मी तो अध्याय पुन्हा वाचला, आणि आधी नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. इसहाकानं त्या विहिरींना नावं दिली होती. एकीचं नाव भांडण, दुसरीचं वैर. म्हणजे अन्याय त्यानं लपवला नव्हता, गोडही केला नव्हता. जे घडलं ते स्वच्छ शब्दांत तिथेच ठेवलं, आणि पहार घेऊन पुढे निघाला. इतका निर्भय माणूस मी कुठल्याच पत्रकात वाचला नव्हता. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “देवा, कुलूप त्यांच्या हातात आहे, राग माझ्या. मला पुढची जागा दाखव.” पत्रकं मी वाटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी परसात कपडे धूत होते. बादली कलंडली, पाणी शहाबादी फरशीच्या फटीत शिरलं आणि खूप खालून टपटप आवाज आला. त्याच फरशीवर मी वर्षानुवर्षं कपडे धुतले होते. आवाज त्या दिवशी ऐकू आला.

“तिथं आड हाय,” आई म्हणाली. “तू रांगायला लागलीस, तवा तुझ्या बाबांनी झाकला. मी तर विसरूनच गेलते.”

पुढचा पाठ आमच्या परसातच झाला. सगळी मंडळी पहारी, घमेली, दोर घेऊन आली. हवा विषारी नाही ना, हे पाहायला आधी कंदील आत सोडला. तो विझला नाही. “भित्रा म्हणणारी कुठंय? उतरवा तिला,” पाळकबाई म्हणाल्या, आणि मला खरंच उतरवलं. घमेल्यामागून घमेलं गाळ वर गेला. माझ्या टाचांना गार लागलं, मग घोटे बुडाले. त्या काळोखात मी नुसती उभी राहिले.

आमच्यात पहिलं पीक, पहिलं फळ देवाच्या मंदिरात नेतात. पाणी निवळल्यावर पहिली घागर मी चर्चसाठी भरली. आईनं घागरीवर हात ठेवला. “आधी अण्णांकडं ने.”

“त्यांच्याकडं? कुलूप लावणाऱ्याकडं?”

“व्हय. त्यांच्याचकडं.”

घागर डोक्यावर घेतली आणि गेले. अण्णा रिकामी कळशी घेऊन स्वतःच्याच दारात उभे होते. माझ्या डोक्यावरच्या घागरीकडे पाहत राहिले. “कुणी सांगितलं गं तुला?”

“काय सांगितलं?”

“सकाळधरनं मोटार नुसती हवा ओढतीया. घरात बाळंतीण हाय. टँकर न्हाय आज. तुझ्या आईला कुठल्या तोंडानं मागू म्हणून हितंच थांबलोय.”

कुणीच सांगितलं नव्हतं. आईलाही ठाऊक नव्हतं. इतके दिवस मी देवाची कृपा आपल्या घरी कधी येईल म्हणून वाट पाहत होते. त्यानं ती माझ्याच डोक्यावर ठेवून दुसऱ्याच्या घरी धाडली होती. मी घागर उतरवली. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं. अण्णांनी दोन्ही हातांनी घागर उचलली आणि आत नेली. संध्याकाळी त्यांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. आम्ही सगळे आडाच्या कडेला बसून जेवलो.

मी आजही अन्यायाला अन्यायच म्हणते. पण पुढची जागा दाखवणारी मी नव्हे, देव आहे, हे त्या गाळात उभं राहून कळलं, आणि त्याबद्दल त्याचे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत.

तुम्हाला एकच मागणं आहे. ज्या घराशी तुमचं बोलणं तुटलंय, त्या घरी आज पाणी आहे का, एवढं जाऊन विचारा. जाताना घागर भरून न्या.